लंडन ते पॅरिस: ट्रेन, विमान की बस? दारापासून दारापर्यंतचा हिशोब

मे महिन्याच्या सुट्टीची बुकिंग सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो, लंडनहून पॅरिसला कसं जायचं. आणि गंमत म्हणजे विचारणाऱ्याने मनात विमान ठरवलेलंच असतं, कारण विमान सव्वा तास दाखवतं आणि ट्रेन सव्वादोन तास, मग एक तास कशाला वाया घालवायचा. तर हा जो एक तास आहे ना तो कागदावरच आहे. तुम्ही हॉटेलच्या दारातून बॅग घेऊन निघता तिथून पॅरिसच्या हॉटेलात बॅग टेकवता तिथपर्यंतचा वेळ धरला तर बहुतेक लोकांसाठी ट्रेनच आधी पोचते. सगळ्यांसाठी नाही, कोणासाठी नाही तेही पुढे सांगते.

आधी अंतर, कारण नेटवर तीन वेगवेगळे आकडे दिसतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. नकाशावर सरळ रेघ मारली तर साधारण ३४० किलोमीटर. गाडीने, समुद्राखालचा बोगदा धरून, ४६० च्या आसपास. रेल्वेच्या रुळावरून मोजलं तर ४९२. म्हणजे सरळ रेषेचा आकडा घेतला तर मुंबई-कोल्हापूर रस्त्यापेक्षाही कमीच, फक्त मधे समुद्र आहे, देश बदलतो आणि घड्याळही बदलतं.

घड्याळाचं आत्ताच सांगते कारण तिकिटं बघताना तिथेच गडबड होते. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे आहे, उन्हाळा असो की हिवाळा. त्यामुळे लंडनहून सकाळी ९ ला सुटलेली ट्रेन पॅरिसला तिथल्या वेळेने साडेबाराच्या आतबाहेर पोचते आणि माणूस म्हणतो अरे ही तर साडेतीन तास घेते. उलट येताना पॅरिसहून ९ ला सुटलेलं विमान लंडनला सव्वानऊ-साडेनऊला उतरलेलं दिसतं आणि वाटतं काय फास्ट आहे! दोन्ही खोटं. जाताना एक तास गमावता, येताना तोच परत मिळतो, एवढंच आहे ते. पण प्लॅनिंगमध्ये फरक पडतो, पॅरिसला जायचा दिवस अर्धा गेलाच असं धरा आणि संध्याकाळचं आयफेल टॉवरचं तिकीट जरा उशिराचंच घ्या.

आता ट्रेन. युरोस्टार लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून सुटते आणि पॅरिसच्या गार द्यु नॉरला पोचते, सगळ्यात फास्ट गाडी २ तास १६ मिनिटं घेते. फ्रान्समधे आणि इंग्लंडच्या हायस्पीड लाइनवर ताशी ३०० किलोमीटर, बोगद्यात १६०. बोगदा साधारण ५० किलोमीटरचा, त्यातले ३८ च्या आसपास समुद्राच्या तळाखाली, आणि आत साधारण वीस मिनिटं जातात. मुलांना आधीच सांगून ठेवा की मासे बिसे काही दिसत नाहीत, खिडकीबाहेर नुसता काळोख, नाहीतर बोगदा संपेपर्यंत भोकाड ऐकावं लागेल.

ही गाडी १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा लंडनमधे वॉटर्लू स्टेशनवरून सुटायची आणि तीन तास लागायचे, कारण फ्रान्समधे नवा हायस्पीड रूळ आणि इंग्लंडमधे मात्र जुन्या लोकलच्याच रुळावरून गाडी हळूहळू यायची. (नेपोलियन जिथे हरला त्या गावाचं नाव असलेल्या स्टेशनावर फ्रेंच लोकांना रोज उतरवायचे, इंग्रजांचा खवचटपणा म्हणा किंवा योगायोग.) मग इंग्लंडची नवी लाइन दोन टप्प्यांत झाली आणि नोव्हेंबर २००७ पासून गाडी सेंट पँक्रसहून सुटायला लागली, तेव्हा वेळ सव्वादोन तासांवर आली. जुन्या ट्रॅव्हल ब्लॉगमधे तीन तास लिहिलेलं सापडलं तर ते त्या काळातलं आहे.

पण ट्रेन म्हणजे दादर स्टेशनला गेलो आणि चढलो असं नाही हां, इथे फसू नका. सिक्युरिटी आहे, सामान एक्सरेतून जातं, आणि मुख्य म्हणजे फ्रान्सचं इमिग्रेशन लंडनमधेच होतं. सेंट पँक्रसच्या आत फ्रेंच पोलिस बसलेले असतात, तेच शेंगेनचा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच) व्हिसा बघून पुढे सोडतात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी एंट्री-एक्झिट सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, त्यात फोटो वगैरे घेतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला थोडा जास्त वेळ लागतो. गाडी सुटायच्या अर्धा तास आधी गेट बंद होतं आणि ते खरंच बंद होतं, विनवण्या करून उघडत नाही. म्हणून दीड तास आधी पोचायचं धरा. याचा फायदा पलीकडे मिळतो, पॅरिसला उतरलात की कुठली लाइन नाही, कन्व्हेयर बेल्टकडे डोळे लावून उभं राहणं नाही, बॅग उचलायची आणि सरळ मेट्रोत. उलट दिशेला पण तसंच, ब्रिटनचं इमिग्रेशन पॅरिसमधे गार द्यु नॉरच्या वरच्या मजल्यावरच उरकतं आणि लंडनला उतरल्यावर चालायला लागायचं.

मग हिशोब करा. समजा हॉटेल मध्य लंडनमधे, स्टेशनला जायला अर्धा तास, तिथे दीड तास, गाडीत सव्वादोन-अडीच तास, उतरून हॉटेलला अर्धा तास. झाले पाच तास.

विमानाचं बघा. मध्य लंडनहून हीथ्रो एअरपोर्टला ट्यूबने, म्हणजे लंडनच्या मेट्रोने, एक तास, दोन तास आधी पोचायचं, सव्वा तास हवेत, उतरल्यावर विमान गेटला लागणं, चालणं, इमिग्रेशनची लाइन, चेक-इन बॅग असेल तर ती यायची वाट, हे सगळं मिळून एक तास सहज, आणि मग शार्ल द गोल एअरपोर्ट शहराबाहेर २५ किलोमीटरवर, तिथून आरईआर बी नावाची लोकल ट्रेन पकडून शहरात यायला पाऊण तास. बेरीज इथेच सहा तास होते, हॉटेलला पोचायचं वेगळं. गॅटविक, ल्युटन किंवा स्टॅनस्टेडवरून स्वस्त विमान घेतलंत तर ते एअरपोर्ट लंडनपासून अजून लांब, ल्युटन जवळपास ५० किलोमीटर आणि स्टॅनस्टेड त्याहून जास्त, तिथे जायचं ट्रेनचं तिकीट वेगळं.

आणि यातली माझी आवडती गोष्ट सांगते. ती आरईआर बी एअरपोर्टहून शहरात येते तेव्हा आधी कुठे थांबते माहितेय? गार द्यु नॉरला! म्हणजे एवढा हवेतून द्राविडी प्राणायाम करून तुम्ही शेवटी येता त्याच स्टेशनात जिथे युरोस्टारने तुम्हाला आधीच आणून सोडलं असतं. लंडनच्या बाजूलाही तेच, हीथ्रोला जाणारी पिकॅडिली लाइन किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसमधूनच जाते. मी तर म्हणते हे एवढं कळलं की मध्य लंडन ते मध्य पॅरिस जाणाऱ्याला वेगळं काही समजवायची गरजच नाही.

पण सगळे कुठे मध्य लंडनमधे राहतात. आपली बरीच मंडळी येतात ती नातेवाइकांकडे, आणि नातेवाईक असतात हाउन्स्लो, स्लाव, रेडिंग अशा पश्चिमेच्या बाजूला. हाउन्स्लोवरून हीथ्रो अगदी जवळ आणि सेंट पँक्रसला ट्यूबने तास लागतो, तिथे मग विमान आणि ट्रेन जवळजवळ बरोबरीत येतात, आणि भाचा एअरपोर्टला गाडीने सोडत असेल तर विमान पुढेही जाईल. लेस्टरवाल्यांचं उलटं, त्यांची ट्रेन थेट सेंट पँक्रसलाच येते, त्यांनी विमानाचा विचारच करू नये. बर्मिंगहॅमवाले लंडनच्या युस्टन स्टेशनला उतरतात, तिथून सेंट पँक्रस चालत दहा-पंधरा मिनिटं. मँचेस्टर किंवा एडिनबरामधे असाल तर सरळ तिथूनच पॅरिसचं विमान घ्या, लंडनला येऊन गाडी बदलण्यात काही अर्थ नाही.

विमानाची अजून एक केस आहे ती म्हणजे डिस्नेलँड. पूर्वी लंडनहून डिस्नेलँडला थेट युरोस्टार जायची, ती २०२३ च्या जूनमधे बंद झाली. आता फ्रान्समधल्या लील शहरात गाडी बदलावी लागते किंवा पॅरिसला उतरून लोकलने परत पूर्वेला चाळीस मिनिटं. पण शार्ल द गोल एअरपोर्टच्या आतच टीजीव्हीचं, म्हणजे फ्रान्सच्या हायस्पीड ट्रेनचं, स्टेशन आहे आणि तिथून डिस्नेलँडचं स्टेशन दहा मिनिटांवर. म्हणजे पहिले दोन दिवस डिस्नेलँड आणि मग पॅरिस असा प्लॅन असेल, मुलं लहान असतील, तर विमान बघायला हरकत नाही, फक्त त्या टीजीव्हीच्या वेळा आधी तपासा, दर दहा मिनिटाला नसतात त्या.

पैशाचं काय? इथे ट्रेन सरसकट जिंकत नाही. युरोस्टार विमानासारखीच विकली जाते, लवकर घेतलं तर स्वस्त, उशीर केला तर डोळे पांढरे. दोन-तीन महिने आधी मंगळवार-बुधवारची गाडी बघितली तर ४०-५० पौंडाला मिळू शकते, तीच शुक्रवार संध्याकाळची आदल्या आठवड्यात २०० च्या वर. इंग्लंडमधल्या शाळांना प्रत्येक सत्राच्या मधे एक आठवड्याची सुट्टी असते, ते आठवडे टाळा, तेव्हा सगळंच महाग. तारीख पक्की पण वेळेची अडचण नाही असं असेल तर युरोस्टारची स्नॅप नावाची स्वस्त तिकिटं असतात, त्यात तुम्ही फक्त तारीख आणि सकाळ की दुपार एवढं निवडता, नेमकी गाडी ते दोन दिवस आधी सांगतात. दोघं तरुण असाल तर मस्त, आईबाबा आणि चार बॅगा असतील तर नको ती उत्सुकता.

विमानाचं तिकीट ३०-४० पौंडाला दिसतं, पण त्यात सीटखाली मावेल एवढी पिशवीच असते. चेक-इन बॅग टाकली की तिकिटाएवढेच पैसे परत. ट्रेनमधे साध्या तिकिटावरही माणशी दोन सुटकेस आणि एक छोटी बॅग चालते, लांबी ८५ सेंटिमीटरच्या आत, आणि वजन कोणी करत नाही. लिक्विडची १०० मिलीची भानगड पण नाही. फक्त त्या बॅगा तुम्हालाच चढवायच्या आहेत आणि गाडी ४०० मीटर लांब असते, तुमचा डबा टोकाला आला तर प्लॅटफॉर्मवर चांगलीच वरात निघते.

एअरपोर्टचं जाणं-येणं लोक हिशोबात धरतच नाहीत. हीथ्रोला ट्यूबने माणशी सहा पौंडाच्या आसपास, ठीक आहे. पण पॅरिसला एअरपोर्टहून शहरात यायचं ट्रेनचं तिकीट माणशी १३-१४ युरो आहे. चौघांचे झाले ५० च्या वर. आणि एअरपोर्टच्या अधिकृत टॅक्सीचा दर ठरलेला असतो, सीन नदीच्या उत्तरेकडच्या भागाला ५६ युरो आणि दक्षिणेकडे ६५ (हे २०२५ चे दर). म्हणजे चौघं असाल तर ट्रेनमधे धक्के खाण्यापेक्षा सरळ टॅक्सी करा. टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं फक्त, आत येऊन 'टॅक्सी टॅक्सी' विचारणाऱ्याच्या मागे जायचं नाही, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बस. व्हिक्टोरिया कोच स्टेशनहून पॅरिसच्या बेर्सी सीन स्टँडला, आठ ते दहा तास, तिकीट वीस-पंचवीस पौंडांपासून. रात्रीची घेतली तर हॉटेलचा एक दिवस वाचतो असं सगळे सांगतात, पण झोप होत नाही हे कोणी सांगत नाही. मध्यरात्री बॉर्डरला सगळ्यांना उठवून खाली उतरवतात, पासपोर्ट दाखवा, परत चढा, मग बस फेरीबोटीवर किंवा बोगद्यातून जाणाऱ्या ट्रेनवर चढते, बोटीवर तर बसमधे बसून राहताच येत नाही, वर डेकवर जावं लागतं. पहाटे पॅरिसला उतरता आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळणार. विशीत असताना, पाठीवर सॅक टाकून, शेवटच्या क्षणी ठरलं आणि ट्रेन २०० पौंड दाखवतेय तर नक्की घ्या, स्टुडंट मुलं सर्रास जातात. साठीच्या आईबाबांना मात्र यात बसवू नका, वाचलेले पैसे क्रोसिनमधे जातील.

स्वतःची गाडी असेल तर फोकस्टोनहून कॅलेपर्यंत गाडीसकट ट्रेनवर चढता येतं, ३५ मिनिटांत पलीकडे, एकूण सहा तास वगैरे, वर फ्रान्सचा टोल आणि पॅरिसमधलं पार्किंग. भाड्याची गाडी तर नकोच, इकडे घेऊन तिकडे सोडायचे पैसे ऐकले की कळेल. न्यूहेवनहून दिएपला जाणारी चार तासांची बोट आहे, दोन्हीकडे ट्रेन जोडून अख्खा दिवस जातो, ज्यांना समुद्र बघायचाय त्यांनी जावं.

आता व्हिसा, आणि खरं तर हे सगळ्यात आधी बघायला हवं कारण यात चुकलात तर वरचं सगळं वाया. भारतीय पासपोर्टवर दोन वेगळे व्हिसा लागतात. ब्रिटन शेंगेनमधे नाही, कधीच नव्हतं, युरोपियन युनियनमधे होतं तेव्हासुद्धा नव्हतं. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा, फी १०० पौंडांच्या वर, आणि शेंगेनचे जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. दोन्ही भारतातूनच काढून निघा, लंडनला पोचल्यावर बघू फ्रान्सचं असं टुरिस्ट म्हणून आलेल्याला सहसा जमत नाही. आणि शेंगेन सिंगल एंट्री मिळालाय का मल्टिपल हे स्टिकरवर नीट बघा. समजा तुम्ही ॲमस्टरडॅमला उतरलात, मग लंडन, मग पॅरिस, तर ही शेंगेनमधली दुसरी एंट्री झाली आणि सिंगल एंट्रीवाला सेंट पँक्रसलाच अडकणार, गाडीचं तिकीट हातात असून. लंडन आधी आणि मग पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली एका दमात, असं केलं की हा प्रश्नच येत नाही.

लंडन आधी ठेवण्याचं अजून एक कारण आहे आणि ते पैशाचं आहे. ब्रिटनमधून भारतासारख्या लांबच्या विमानात चढलं की सरकार प्रवासी कर लावतं, इकॉनॉमीत माणशी ९० ते १०० पौंडांच्या घरात, सोळाच्या आतल्या मुलांना माफ. तिकिटातच मिसळलेला असतो म्हणून दिसत नाही. ट्रेनने ब्रिटन सोडलं तर हा कर नाही. फ्रान्सनेही स्वतःचा कर वाढवलाय पण तो यापेक्षा बराच कमी. म्हणून मुंबई-लंडन जाताना आणि पॅरिस-मुंबई येताना असं एकाच बुकिंगमधे दोन वेगळ्या शहरांचं तिकीट शोधा, पुष्कळदा लंडन-लंडन रिटर्नच्या आसपासच येतं आणि पॅरिसहून परत लंडनला यायचा खर्च आणि दिवस दोन्ही वाचतात.

हो, आणि फक्त एक दिवसासाठी लंडनहून पॅरिस, सकाळी जाऊन रात्री परत, अशी पॅकेजेस मिळतात. वेळेच्या दृष्टीने होतं, सकाळची पहिली गाडी आणि रात्रीची शेवटची. पण व्हिसाचे ९० युरो, दोन्ही बाजूंचं तिकीट, दोन्हीकडचं इमिग्रेशन हे सगळं करून हातात पडतात दहा-अकरा तास. दोन रात्री तरी राहा हो.

खाण्याचं. आपल्या बॅगेत डबा असणारच. ब्रिटनमधून युरोपात जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप नको. चिवडा, चकलीचा प्रश्न नाही, पण बेसनाच्या लाडवात तूप असतं, ते कोण तपासणार हा तुमचा प्रश्न. उलट दिशेला २०२५ च्या एप्रिलपासून ब्रिटननेही युरोपातून चीज आणि मांस आणायला बंदी घातलीय, जनावरांच्या लाळ्या-खुरकत रोगामुळे, त्यामुळे पॅरिसचं चीज पॅरिसमधेच संपवा.

राहता राहिला भरवशाचा मुद्दा. विमानाला फ्रान्सच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलचे संप नडतात, उन्हाळ्यात तर जास्तच. ट्रेनला संप, वायर तुटणं आणि कधी कधी भलतंच काहीतरी, ७ मार्च २०२५ ला गार द्यु नॉरच्या जवळ रुळांपाशी दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला आणि त्या दिवसाच्या लंडन-पॅरिस गाड्या सगळ्या रद्द झाल्या. बोगदा एकच आहे, तो बंद पडला की पर्यायी मार्ग नाही, आणि त्या दिवशी विमानाची तिकिटं किती वर जातात ते बघवत नाही. म्हणून मुंबईचं विमान पॅरिसहून असेल तर त्याच दिवशी सकाळी लंडनहून ट्रेनने येऊ असं करू नका, दोन्ही तिकिटं वेगवेगळी असतात, ट्रेन रद्द झाली म्हणून विमानवाला थांबत नाही. आदल्या दिवशी या, गार द्यु नॉरच्या आसपास हॉटेल घ्या, मागच्या गल्ल्यांमधे तमिळ आणि पंजाबी खानावळी भरपूर आहेत, आणि सकाळी तीच आरईआर बी पकडून एअरपोर्टला जा.